'तिलावा' नव्हे, 'रोहना' : बार्देशातल्या एका तारवट्याच्या नोंदींचा माग

मित्राने ऐंशी ओलांडली आहे. जन्म गोव्यातल्या बार्देश तालुक्यातला, १९४० चा. वडील तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, होते आणि युद्धाच्या काळात 'तिलावा' बुडाली तेव्हा तिच्याबरोबर गेले, एवढंच घरात सांगितलं जायचं. आईला विचारलं की ती म्हणायची, "बोटीर गेलो तो परतून येवंक ना," आणि विषय संपायचा. थडगं नाही, मृत्यूचा दाखला नाही. दर नोव्हेंबरात चर्चमध्ये त्यांच्या नावाने मीस, म्हणजे प्रार्थनाविधी, होते. नातवंडांना आजोबांची पक्की नोंद हवी होती, म्हणून शोध हाती घेतला. ओळख पटू नये यासाठी गाव आणि नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. कागदांचा क्रम आणि त्यातून निघालेले निष्कर्ष मात्र मुद्दाम पूर्ण दिले आहेत, कारण गोव्यात अशी कुटुंबं खूप आहेत आणि बहुतेकांचा शोध एकाच जागी अडकतो.

ती जागा म्हणजे लंडन. घरात बोटीचं नाव माहीत असलं की माणसं थेट ब्रिटिश याद्या उघडतात. नाव मिळालं नाही की शोध संपतो. मिळालं तर त्या नावाचा दुसराच कुणी असतो आणि शोध चुकीच्या माणसापाशी थांबतो. गोव्याच्या बाबतीत उलट चालावं. मृत्यूची तारीख आधी गोव्यातल्या कागदांत शोधायची आणि तिचा पडताळा लंडनच्या याद्यांत घ्यायचा. युद्धाच्या याद्या बोटीनुसार आणि तारखेनुसार लावलेल्या असतात. तारीख हातात नसेल तर त्यात एकाच नावाचे दहा जण सापडतात.

'तिलावा'ची गोष्ट आधी तपासली

'तिलावा' ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. २३ नोव्हेंबरला हिंदी महासागरात जपानी पाणबुडी आय-२९ ने तिला टॉर्पेडोने बुडवलं. २८० माणसं गेली. त्यात २८ खलाशी होते, बाकी प्रवासी. वाचलेले २७ नोव्हेंबरला मुंबईत उतरले. मुंबई बंदरातून निघालेली बोट आणि मुंबईतच परतलेले वाचलेले, त्यामुळे ही बातमी धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांच्या गावोगावच्या वसतिगृहांत, आणि तिथून गोव्यात लगेच पोचली असणार. पुढच्या काळात 'बोटीवर गेला' म्हटलं की 'तिलावावर गेला' असं लोकांनी मानलं, तर त्यात नवल नाही.

मेलेल्या खलाशांची यादी लहान आहे. युद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर इंडियन मर्चंट नेव्ही हा विभाग निवडायचा, मृत्यूची तारीख २३ नोव्हेंबर १९४२ टाकायची आणि निघेल ती यादी पूर्ण वाचायची. मित्राच्या वडिलांचं नाव तिच्यात नव्हतं. तरीही एवढ्यावरून 'तिलावा' बाद होत नाही, कारण ते दुसऱ्या बोटीवर रुजू व्हायला प्रवासी म्हणून निघालेले असू शकत होते. बाद करायला उलट बाजूचा पुरावा लागतो : २३ नोव्हेंबर १९४२ नंतर माणूस जिवंत होता याचा.

नोव्हेंबरातली मीस पुरावा म्हणून धरायची नाही. नोव्हेंबर हा सगळ्याच मृतात्म्यांचा महिना. ज्यांच्या मृत्यूची तारीख घराला ठाऊक नसते त्यांचीही मीस त्याच महिन्यात सांगतात. या प्रकरणात महिना शेवटी खरोखर नोव्हेंबर निघाला, पण तो मीसवरून ठरवला असता तर १९४२ वरच शिक्कामोर्तब झालं असतं.

घरातले कागद आणि धाकटी बहीण

घरात तीन वस्तू होत्या : पांढऱ्या गणवेशातला एक फोटो, रोमी लिपीतल्या कोकणी पत्रांचा एक गठ्ठा आणि मुंबईतल्या गावच्या कुडीची एक पावती. नळी, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं सीडीसी पुस्तक, नव्हतं. बोटीवर गेलेल्या माणसाबरोबर ते जातं, त्यामुळे बुडालेल्यांच्या घरी ते क्वचितच असतं.

पावती तळहाताएवढी, कडा पिवळ्या पडलेल्या. नाव, सभासद क्रमांक, फेब्रुवारी १९४३ ही तारीख, तीन महिन्यांची वर्गणी आणि त्याखाली पेटी ठेवण्याचा वेगळा आकार. ही तारीख 'तिलावा'नंतरची, पण पावतीवर विसंबू नये. सभासदत्व जाऊ नये म्हणून भाऊ किंवा गाववाला परस्पर वर्गणी भरत असे. पैसे कुणी दिले ते पावती सांगत नाही. कुडीची सभासद-वही शिल्लक असेल तर तिच्यात 'आला' आणि 'गेला' असे रकाने असू शकतात आणि त्या नोंदी पावतीपेक्षा कितीतरी भरवशाच्या. इथे कूड बंद झालेली, वही सापडली नाही.

निर्णय लागला तो धाकट्या बहिणीच्या जन्मनोंदीवर. गोव्यात १९१४ पासून सिव्हिल रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, त्यामुळे या काळातल्या कॅथलिक घराच्या जन्माच्या दोन नोंदी मिळतात : पॅरिशच्या पुस्तकात बाप्तिस्म्याची आणि रजिस्ट्रीत जन्माची. रजिस्ट्रीतून पूर्ण मजकुराची नक्कल मागायची, ज्याला गोव्यात तेओर म्हणतात. संक्षिप्त दाखला घेऊ नये. त्यात फक्त नाव, तारीख आणि आईवडील येतात. तेओरमध्ये आईवडिलांचे व्यवसाय आणि राहण्याचं ठिकाण, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि कडेच्या समासातल्या पुढच्या नोंदी असतात. पुस्तक तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे असतं. तिथून हललेलं असेल तर पणजीच्या अभिलेखागारात विचारायचं. अर्ज करण्याआधी नातेवाइकांकडे चौकशी करावी, कारण पोर्तुगीज राष्ट्रीयत्वासाठी कुणीतरी आजोबांचं तेओर आधीच काढून ठेवलेलं असतं. या घरातही एका चुलत भावाच्या फाइलीत वडिलांचं तेओर होतं. त्यावरून वडिलांचं पूर्ण नाव आणि त्यांच्या आईवडिलांची नावं मिळाली.

बहिणीचा जन्म ऑक्टोबर १९४३ च्या अखेरचा. २३ नोव्हेंबर १९४२ पासून गर्भारपणाचे जास्तीत जास्त म्हणून ३०० दिवस मोजले तर १९ सप्टेंबर १९४३ येतो. ही नोंद त्याच्याही पुढची. शिवाय नोंदीत वडिलांपुढे 'मारितिमु', म्हणजे दर्यावर्दी, एवढाच व्यवसाय लिहिलेला. पोर्तुगीज पद्धतीत नोंदीतला कुणी मेलेला असेल तर नावापुढे 'फालेसिदु' लिहितात. याच नोंदीत आजोबांपुढे तो शब्द आहे, वडिलांपुढे नाही. म्हणजे नोंद झाली तेव्हा घराच्या समजुतीप्रमाणे वडील जिवंत होते. कुडीची फेब्रुवारीची पावतीही आता जागेवर बसते : वर्षाच्या सुरुवातीला घरी, मग मुंबई, मग बोट. 'तिलावा' इथे बाद झाली.

दुसरं टोक असंच पॅरिशच्या पुस्तकात मिळालं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मादीन आणि पादीन, म्हणजे मुलाचे धर्ममाता आणि धर्मपिता, यांची वैवाहिक स्थितीही लिहिलेली असते. मित्राची आई १९४५ च्या सुरुवातीला भाचीची मादीन झाली होती आणि तिच्या नावापुढे 'विउवा', विधवा, असं आहे. म्हणजे मृत्यू ऑक्टोबर १९४३ ते १९४५ ची सुरुवात यांच्या मध्ये, किंवा त्याच्या जरा आधी झालेला पण घरी न कळलेला. आपल्या माणसाच्या नोंदीत काही मिळत नसेल तेव्हा तो किंवा त्याची बायको दुसऱ्याच्या नोंदीत साक्षीदार, मादीन, पादीन म्हणून शोधावीत. बहुतेक जण ही पुस्तकं उघडतच नाहीत, कारण त्यातलं मूल आपल्या घरचं नसतं.

इन्व्हेंतारी : जिथे तारीख असायलाच हवी होती

वडिलांच्या मृत्यूची नोंद रजिस्ट्रीत नव्हती, जन्मनोंदीच्या समासातही नव्हती. पोर्तुगाल युद्धात तटस्थ, गोवा पोर्तुगीज, बोट ब्रिटिश, मृत्यू समुद्रात आणि मृतदेह नाही. गोव्याच्या रजिस्ट्रारपुढे अशी घटना आपोआप येण्याचा मार्गच नव्हता. पण मागे जमीन होती आणि मुलं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की गोव्यात एक कागद तयार होतो.

पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे वारसांत अज्ञान मूल असेल तर वाटणी आपापसांत करता येत नसे. कोर्टात इन्व्हेंतारी, म्हणजे वारसा-वाटणीचं प्रकरण, चालवावीच लागे, तिला इन्व्हेंतारी ऑर्फानोलोजिक म्हणत. विधवा 'काबेस द काझाल' म्हणून शपथेवर सांगते : मेलेला कोण, कधी आणि कुठे मेला, वारस कोण, त्यांची वयं काय, मालमत्ता काय. म्हणजे रजिस्ट्रीला जी तारीख कधीच कळली नाही, ती कोर्टाने विचारून घेतलेली असते.

फाइल शोधताना तीन ठिकाणी घसरायला होतं. एक, अनुक्रमणिका मेलेल्याच्या नावाने असते. विधवेच्या नावाने शोधलं तर फाइल नाहीच असं वाटतं. दोन, वर्ष मृत्यूचं नसतं, दाखल केल्याचं असतं. बोटीवर गेलेल्यांच्या बाबतीत कंपनीचं पत्र येऊन त्याचं भाषांतर होईपर्यंत बराच काळ जातो आणि पुष्कळदा जमीन विकायची किंवा गहाण टाकायची वेळ आल्याशिवाय कुणी कोर्टात जातच नाही. या प्रकरणात फाइल १९४७ ची निघाली. मृत्यूच्या अंदाजी वर्षापासून पुढची दहा वर्षं तरी बघावीत. तीन, कोर्ट मालमत्तेप्रमाणे किंवा राहत्या जागेप्रमाणे ठरतं, त्यामुळे बार्देशातल्या घराची फाइल बार्देश कोमार्कातच (न्यायालयीन विभागातच) असेल असं धरून चालू नये. सासरची जमीन गोव्यातल्याच सासष्टी तालुक्यात असेल तर तिथेही विचारायचं. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करताना मेलेल्याचं पूर्ण पोर्तुगीज नाव, बापाचं नाव, गाव आणि वर्षांचा पट्टा द्यावा. फक्त आडनाव आणि गाव दिलं तर तो अर्ज परत येणार.

फाइल दोऱ्याने शिवलेली, मुद्रांकित कागदावर. पहिल्या पानांत आईची शपथ, मग मालमत्तेची यादी, मुलांच्या हितासाठी नेमलेल्या कुटुंब-मंडळाची नावं, वाटणीचा तक्ता आणि निकाल. महत्त्वाचं पान मध्ये शिवलेलं होतं : मुंबईहून आलेलं टंकलिखित इंग्रजी पत्र आणि त्याला जोडलेलं पोर्तुगीज भाषांतर. पत्राप्रमाणे वडील पँट्रीमन, म्हणजे बोटीच्या स्वयंपाक-कोठीवरचे, होते आणि २६ नोव्हेंबर १९४३ रोजी शत्रूच्या कारवाईत बोट बुडाली तेव्हा ते बुडाले असं मानलं गेलं. बोटीचं नाव भाषांतरकाराने 'रोआना' केलेलं, कारण पोर्तुगीजमध्ये 'एच' उच्चारत नाहीत. मूळ पत्रात 'रोहना' स्पष्ट आहे. जोडलेली इंग्रजी पानं न बघता फक्त पोर्तुगीज मजकूर उतरवून घेतला असता, तर अस्तित्वात नसलेली बोट शोधावी लागली असती. अशा फाइलीतल्या जोडपत्रांसकट सगळ्या पानांची नक्कल मागावी, निकालपत्रापुरती नव्हे.

'रोहना'चा पडताळा

'रोहना' ही त्याच ब्रिटिश इंडिया कंपनीची, १९२६ मध्ये बांधलेली, युद्धात सैन्यवाहू म्हणून वापरलेली. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी केएमएफ-२६ या ताफ्यातून ती भूमध्य समुद्रातून पूर्वेकडे जात होती. अल्जिरियाच्या बूझी बंदरासमोरच्या समुद्रात जर्मन विमानाने सोडलेला, रेडिओने दिशा देता येणारा बॉम्ब तिला लागला. अकराशेहून अधिक माणसं गेली, त्यात हजारावर अमेरिकन सैनिक आणि शंभराहून अधिक खलाशी. अमेरिकेच्या 'पायोनिअर' या सुरुंग काढणाऱ्या बोटीने सहाशेच्या वर माणसं उचलली. हत्यार नवीन असल्यामुळे अमेरिकन लष्कराने तपशील दाबून ठेवले आणि सैनिकांच्या घरच्यांनाही पुष्कळ वर्षं नीट काही कळलं नाही. बार्देशातल्या एका बाईला बोटीचं नाव कोर्टातल्या कागदापुरतं मिळालं आणि गावात सगळ्यांना माहीत असलेली 'तिलावा' त्याच्या जागी बसली. आईने मुलांपासून काही लपवलं असं मानायचं कारण नाही.

इथे आणखी एक चकवा आहे. याच कंपनीची 'करांजा' याच बूझीपाशी, याच महिन्यात, पण वर्षभर आधी, १२ नोव्हेंबर १९४२ रोजी बुडाली. कुणाच्या घरी 'बूझी, नोव्हेंबर' एवढंच माहीत असेल तर वर्षाचा पुरावा मिळेपर्यंत दोन्ही बोटी उघड्या ठेवाव्यात.

कमिशनच्या यादीत आता इंडियन मर्चंट नेव्ही आणि २६ नोव्हेंबर १९४३ टाकून निघालेली सगळी नावं उतरवून घेतली आणि 'रोहना'ची वेगळी केली. आडनावाने शोध घेतला नाही. गोवेकरांची नावं ब्रिटिश कारकुनांनी ऐकली तशी लिहिली : फर्नांडिसच्या शेवटी एस किंवा झेड, काएतानचा कजेतन, जुआंवचा जॉन, इनासचा इग्नेशियस. कधी दोन नावांपैकी एकच लिहिलेलं, कधी बापाचं नाव आडनावाच्या जागी. पूर्ण यादी वाचली की हे सगळे प्रकार डोळ्यांखालून जातात. यादी फाइल म्हणून उतरवता येते. ती उघडून हुद्द्याप्रमाणे लावली की काम सोपं होतं, कारण गोवेकर मुख्यतः सलून, म्हणजे खाणंपिणं आणि सेवा बघणाऱ्या, विभागात : बटलर, पँट्रीमन, जनरल सर्व्हंट, कुक. डेक आणि इंजिनवरची माणसं वेगळ्या प्रांतांतली असत.

वडिलांच्या नावाशी जुळणाऱ्या दोन नोंदी निघाल्या. एकीत बायकोचं नाव आणि सासष्टी असा पत्ता, हुद्दा जनरल सर्व्हंट. दुसरीत घरच्यांबद्दल एक अक्षर नाही, हुद्दा पँट्रीमन, वय वडिलांच्या खऱ्या वयापेक्षा पाच वर्षांनी कमी. ज्या नोंदीत गोवा लिहिलंय तीच आपली, असं पटकन वाटतं आणि तिथेच चूक होते. सासष्टीचा पत्ता आणि बायकोचं नाव दोन्ही जुळत नव्हते, म्हणजे ती नोंद दुसऱ्या माणसाची. रिकाम्या नोंदीचा हुद्दा मात्र फाइलीतल्या पत्राशी जुळला. वयातल्या फरकाला फार किंमत द्यायची नाही. ते भरतीच्या वेळी तोंडी सांगितलेलं असे आणि काम मिळावं म्हणून कमी करूनही सांगितलं जाई.

हुद्दा आणि बोट जुळले तरी हा माणूस तोच हे पक्कं करायला खलाशांची यादी लागते. ती लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बीटी ३८१ या मालिकेत असते. मालिका बोटीच्या नावाने नाही, अधिकृत क्रमांकाने लावलेली आहे, म्हणून आधी लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या सूचीतून बोटीचा क्रमांक काढावा लागतो. बोटीच्या हालचालींचं कार्ड बीटी ३८९ मध्ये आणि समुद्रावरच्या मृत्यूंची नोंदवही बीटी ३३४ मध्ये. मागणी करताना हिंदी खलाशांचा करार म्हणून वेगळा उल्लेख करावा. तो करार युरोपीय अधिकाऱ्यांच्या करारापासून वेगळा असतो आणि फक्त बोटीचं नाव दिलं तर अधिकाऱ्यांचीच पानं येऊ शकतात. करारात पँट्रीमनच्या नावापुढे गावाचं नाव मोडक्या स्पेलिंगमध्ये, पण ओळखता येईल असं मिळालं. नाव, हुद्दा, बोट, तारीख आणि गाव अशा पाच गोष्टी दोन वेगळ्या देशांतल्या, एकमेकांवरून उतरवून न घेतलेल्या कागदांत जुळल्या. इतकं जुळल्यावरच ओळख पक्की म्हणावी.

ज्यांना कमिशनच्या यादीत कुठेच नाव मिळत नाही त्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. लष्करातला माणूस युद्धकाळात कशानेही गेला तरी यादीत येतो. व्यापारी बोटीवरच्या माणसाचा मृत्यू युद्धामुळे झालेला असावा लागतो. मलेरियाने मोंबासाच्या इस्पितळात गेलेला तारवटी यादीत सापडणार नाही आणि त्याचा शोध बीटी ३३४ पासून सुरू करावा लागतो.

पुढचे कागद

वडिलांचं नाव मुंबई आणि चितगाव इथल्या १९३९-१९४५ च्या स्मारकग्रंथात आहे. मुंबईची प्रत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये ठेवलेली असते. जाण्याआधी ग्रंथातला पान क्रमांक कमिशनच्या नोंदीवरून लिहून न्यावा.

कमिशनच्या नोंदीत कुटुंबाची माहिती घालण्यासाठी मित्राच्या नातीने चौकशी-अर्ज भरला. सोबत वडिलांचं तेओर, आईवडिलांच्या लग्नाची नोंद, इन्व्हेंतारीचं पहिलं पान आणि इंग्रजी पत्राची नक्कल जोडली. पोर्तुगीज कागदांचं इंग्रजी भाषांतरही दिलं आणि त्यात नावं मूळ नोंदीतल्यासारखीच ठेवली. नावाचं स्पेलिंग बदलण्याची मागणी केली नाही. खलाशांच्या करारात जे स्पेलिंग आहे त्याच्याशी तुटलेली नोंद पुढच्या शोधणाऱ्याला सापडत नाही, म्हणून पोर्तुगीज स्पेलिंग जादा माहितीच्या रकान्यात मागितलं. सासष्टीच्या नामसारख्या माणसाची नोंद वेगळी आहे, हेही अर्जात स्पष्ट लिहिलं, नाहीतर एकाची माहिती दुसऱ्याला चिकटण्याचा धोका राहतो.

गोव्यातल्या रजिस्ट्रीत मृत्यूची नोंद करून घ्यायची असेल तर ते काम वकिलामार्फत करावं. इन्व्हेंतारीतला निकाल वाटणीपुरता असतो. त्यात मृत्यूची तारीख लिहिलेली असली तरी तो निकाल दाखवून रजिस्ट्रार परस्पर मृत्यूचा दाखला देईल अशी अपेक्षा धरू नये. मित्राच्या घरी दाखल्याची गरज उरली नव्हती. त्यांनी दाखल्याचा अर्ज केला नाही. पॅरिशच्या पाद्रींना तेवढी तारीख कळवली आणि मीस आता २६ नोव्हेंबरला सांगितली जाते.